अंदाजाने बसवलेला चष्मा

ताई चष्म्याच्या दुकानात बसायला लागली तेव्हा तिला चष्म्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. त्याआधी बावीस वर्षं ती टेलिफोन कार्यालयाच्या तक्रार खिडकीत होती. फोन बंद पडलेली माणसं तिच्यासमोर रांग लावायची. पुढे मोबाइल आले, रांग विरळ झाली आणि एक दिवस खिडकीच बंद झाली. निरोपाला तिला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते मागे पडायचं. तिने तक्रार केली नाही.

दुकान धाकट्या भावाचं. पुढच्या खोलीत काउंटर, आरसा आणि अक्षरांचा तक्ता. मागच्या खोलीत काचा घासायचं यंत्र. धाकट्याच्या हाताला चांगली सफाई होती, पण बोलणं आखूड. कुठलीही तक्रार आली की यंत्र न थांबवता तो आतून म्हणायचा, "सवय होईल." डोकं दुखतंय, सवय होईल. दांडी कानामागे टोचतेय, सवय होईल. एका गृहस्थांना स्वतःचे पाय लांब गेल्यासारखे वाटत होते, त्यांनाही सवय होईल. बऱ्याच जणांना ती झालीही, पण चौकातल्या दुसऱ्या दुकानाची. तेव्हा भावजयीने ताईला गळ घातली की तुम्ही काउंटरवर बसा, यांना आतच राहू द्या.

ताई आलेल्याला आधी खुर्ची द्यायची आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत गप्प राहायची. माणूस पहिल्या वाक्यात राग सांगतो, दुसऱ्यात मेहुण्याचा अनुभव सांगतो आणि खरा बिघाड चौथ्या-पाचव्या वाक्यात कुठेतरी येतो, हे तिला खिडकीत बसून पाठ झालं होतं. मग ती एकच विचारायची, नेमकं काय करताना त्रास होतो. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंना तिने कापड घेऊन बोलावलं आणि घरी बसतात तसं बसायला लावलं. नंबर पुस्तक वाचण्याच्या अंतराचा होता, सुई त्याहून पुष्कळ जवळ. काच बदलून दिली. चष्म्यावर बसलेले एकजण फ्रेम आपोआप वाकली म्हणत होते. ती तिने त्यांच्या मागच्या खिशाकडे न बघता सरळ करून दिली.

अशी दोनेक वर्षं बरी गेली, आणि मग हेडसर आले. ते म्हणजे गावातल्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, वय ऐंशीच्या पुढे, पाठ अजून फळ्यासारखी ताठ. धाकटा त्यांच्या हाताखाली शिकला होता; शिकला म्हणण्यापेक्षा तीन वर्षं वर्गात हजर होता. याच दुकानात नुकताच करून घेतलेला त्यांचा चष्मा दोन नंबरांचा होता, वरून लांबचं बघायचं, खालून वाचायचं. सरांचं म्हणणं, जिना उतरताना पायऱ्या अंगावर येतात.

ताईने चष्मा आत नेला. धाकट्याने नंबर तपासला, बरोबर निघाला. आठवड्याने सर पुन्हा आले. पुन्हा नंबर बरोबर. तिसऱ्या खेपेला धाकट्याने "सवय होईल" म्हणायला तोंड उघडलं आणि आवाज ओळखून मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई सरांच्या घरी गेली. ते दुसऱ्या मजल्यावर राहत. तिने त्यांना जिना उतरायला सांगितलं आणि स्वतः पुढे, उलट्या पावलांनी, त्यांच्या डोळ्यांकडे बघत उतरू लागली. खालच्या बिऱ्हाडातल्या बाई दार उघडून बघत राहिल्या. नुसती नजर जरा खाली गेली तरी सर वाचायच्या काचेतूनच बघत होते. ती काच जिथे सुरू व्हायला हवी, त्याच्या बरीच वर सुरू होत होती.

दुकानात येऊन तिने धाकट्याला यंत्र थांबवायला लावलं. वाचायची काच कुठून सुरू करायची, हे गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवून, समोर बसून, पेनाने खूण करून ठरवतात, एवढं तिला एव्हाना कळत होतं.

"सरांची खूण केली होतीस?"

धाकटा काच पुसत राहिला. ती काच स्वच्छच होती.

"अंदाजाने बसवली," तो शेवटी म्हणाला. "त्यांच्या तोंडाला हात कसा लावायचा, ताई?"

धाकटा तेव्हा बावन्न वर्षांचा होता आणि त्याची स्वतःची मुलगी कॉलेजात शिकवत होती. ताई हसली नाही. तिने एवढंच सांगितलं की चूक आपली आहे, सर संध्याकाळी पाच वाजता येतील आणि हे त्यांना तूच सांगायचं. तू सांग, तुला जमतं, असं तो म्हणाला. ताई म्हणाली, मी खिडकीत दुसऱ्यांच्याच चुका ऐकल्या, ही तुझी आहे.

सर पाचला पाच कमी असताना आले. धाकटा बाहेर येऊन उभा राहिला, हात नकळत मागे बांधले गेले. चूक त्याने एका दमात सांगितली.

"गणितातही तू उत्तरं अंदाजानेच लिहायचास," सर म्हणाले.

"हो, सर."

"तेव्हा कबूल करत नव्हतास."

सर खुर्चीत बसले, चष्मा काढला आणि डोळे घट्ट मिटून घेतले. धाकट्याने फ्रेम त्यांच्या नाकावर ठेवली, समोर वाकला. पेन धरलेला हात थरथरत होता.

"सर, डोळे उघडे ठेवा," तो म्हणाला. जरा थांबून त्याने "समोर बघा" असंही म्हटलं. सरांनी मुकाट्याने ऐकलं.

नव्या काचा चार दिवसांत बसल्या, आणि त्यांचं काही घ्यायचं नाही हे ताईने आधीच ठरवलं होतं. सरांनी दुकानाच्या तीन पायऱ्या दोनदा चढून-उतरून पाहिल्या. आता वाचताना हनुवटी जरा वर करावी लागते, अशी नवी तक्रार त्यांनी केली. तेवढं करावं लागेल, ताईने सरळ सांगितलं, जिना आणि पेपर दोन्ही एका चष्म्यात हवे असतील तर. ते त्यांना पटलं.

पुढे सर ओळखीच्यांना याच दुकानात पाठवू लागले. चुकतात, पण सांगतात, अशी त्यांची शिफारस असायची. ती ऐकून आधी भूगोलाच्या बाई आल्या, मग कवायतीचे सर. धाकट्याने दोघांचीही मापं स्वतः बाहेर येऊन घेतली. कवायतीच्या सरांच्या वेळी हात अजिबात कापला नाही, असं ताई सांगते. धाकट्याच्या मते तो कधीच कापला नव्हता.