मामाचे तीन एक्के

आमचा मामा आधी मारायचा आणि मग विचारायचा, काय झालं ते. मांजर्लीत त्याला सगळे ‘हातोडा’ म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची टाप होती? भाजीत मीठ कमी पडलं की ताट भिंतीवर. मामीनं शेवटी घरात स्टीलचीच भांडी ठेवली. ती फुटत नाहीत, नुसती चेपतात.

एकदा सिंध्यांच्या कॅम्प दोनच्या बाजारात एक टवाळ पोरगा मला बघून काहीतरी बरळला. मामानं त्याचं डोकं दुकानाच्या शटरवर असं आपटलं की अख्खी गल्ली बाहेर आली. मग मला म्हणाला, “चल बाय, दालपकवान खाऊ.” मुठीला रक्त तसंच. मी मेली लाजेनं अर्धी झाले, पण खाल्लं.

असा हा राक्षस फक्त मल्हारवर कधी हात उचलत नसे. मल्हार त्याचा शर्यतीचा बैल. बाकीचे गाडीवान बैलाला काठीनं सोलून काढायचे. मामा नुसती हाळी द्यायचा. “मारून पलवला तर तो बैल कसला रं?” म्हणायचा. पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा आधी मल्हारला उंचावर बांधून आला, मग मामीला न्यायला. मामी अजून ते ऐकवते.

गणपतीत आमच्याकडे मूर्तीसमोर बसून तीन पत्ती खेळतात. पत्ते वाटणारा सांगेल तसा डाव. गेल्या वर्षी एका दुपारी अंबरनाथचे बाळाशेट आले होते. त्यांचा मल्हारवर कधीचा डोळा. नवा डाव सुरू होणार, तेवढ्यात गोठ्यापाशी कुणीतरी गाडीचा हॉर्न दाबून धरला. मल्हार बुजला. मामा ताडकन उठला, ड्रायव्हरला कॉलर धरून खाली ओढला आणि दोन थोबाडीत ठेवून दिल्या. इकडे वाटणाऱ्यानं जाहीर केलं, “हा डाव मुफलिस.” म्हणजे उलटा, ज्याची पानं हलकी, तो जिंकला. मी चहा देत होते, मी ऐकलं. मामानं कुठून ऐकावं?

धापा टाकत येऊन त्यानं पानं उचलली आणि रक्कम चढवत गेला. आम्हाला वाटलं, फारच हलकी पानं आलेली दिसतात. बाळाशेटही हटेनात. त्यांनी नव्या पिकअपची चावी मध्ये टाकली. मामाचा खिसा रिकामा झालेला.

“मल्हार लावला,” मामा म्हणाला. मामीच्या हातातला तांब्या पडला.

मामानं पानं आपटली. तीन एक्के! सरळ डावात याहून भारी पानं नाहीत. हसत चावीला हात घालतोय तोच बाळाशेटनी दुर्री, तिर्री, पंजा मांडले. “हातोड्या, मुफलिस होता ना!”

पुढचं काय सांगू? बाळाशेटचं नाक फुटलं, टीपॉयची काच फुटली, सोडवायला गेलेल्या माझ्या भावाचा दात पडला. चौघांनी धरला तेव्हा कुठे मामा थांबला. “चूक झाली म्हणा ना,” मामी रडत होती. “देतील ते परत.”

“बाप्पासमोर लावलाय,” मामा म्हणाला. “नेऊ दे.”

मल्हार काही टेम्पोत चढेना. पाय रोवून उभा. बाळाशेटच्या माणसानं काठी उगारली आणि मामानं ती हिसकावून घेतली. मला वाटलं, आता याचं डोकं फुटणार. पण मामा मल्हारकडे वळला. पाठीवर एक सणसणीत ओढली. मग दुसरी. “जा ना रं! जा म्हणतो ना!” ओरडताना त्याचा आवाज फाटला. मल्हारनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं आणि मुकाट्यानं चढला.

त्यानंतर मामानं कुणाला बोटही लावलं नाही. गावाला वाटतं, माणूस सुधारला. डोंबलाचा सुधारला!

यंदा गणपतीत मामीनं मुद्दाम काचेची ताटली आणली आणि भाजीत मीठच घातलं नाही. आम्ही दोघी दाराआडून बघत होतो. मामानं सगळी भाजी खाल्ली, ताटली स्वतः विसळली आणि जपून मांडणीवर ठेवली. मामी तिथेच भिंतीला टेकून हमसाहमशी रडली.