त्रिनिदादचा ताशेवाला

ऐंशीच्या सुमारास आखातात, सित्राला तो वेल्डर होता आणि मी स्टोअरमध्ये क्लार्क. कंपनीच्या बसमध्ये आम्ही रोज शेजारी बसायचो. तो त्रिनिदादचा, काळा, सहा फूट उंच. त्याच्या बेटावर पूर्वी हिंदुस्थानातून मजूर गेले होते. त्यांच्या नातवंडांकडून तो ताशा शिकला होता आणि तिकडे लग्नांत वाजवायचा. बोलताना शब्द अडला की त्याची बोटं जेवणाच्या डब्यावर वाक्य पुरं करायची. सुट्टीच्या दिवशी कातडं ताणावं म्हणून तो ताशा गच्चीत उन्हात ठेवी आणि स्वतःही शेजारी तापत बसे.

झिंज भागातल्या आमच्या फ्लॅटवर गणपती बसला, तेव्हा मीच त्याला आरतीला वाजवायला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात ताशा अडकवून तो आला. त्याला दारात पाहून आमच्यातले एक काका पुटपुटले, "हा कशाला इथे? लोक काय म्हणतील?"

मी जिन्यात गेलो. "सॉरी, घरात आजारी माणूस आहे. आज वाजवणं मफी, नकोच," तिथल्या अरबी वळणानं मी म्हणालो. तेवढ्यात आत ढोलकीवर आरती सुरू झाली.

"नो प्रॉब्लेम, मॅन," म्हणून तो ताशा काखेत घेऊन खाली उतरला.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये तो माझ्याच शेजारी बसला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. थोड्या वेळानं तो म्हणाला, "तुमचा ढोलकीवाला चांगला आहे. फक्त शेवटच्या आरतीला घाई करतो."

म्हणजे सगळ्या आरत्या संपेपर्यंत तो खाली रस्त्यावर उभा होता. मी नुसती मान हलवली. जणू चूक ढोलकीवाल्याचीच होती.