कडब्याचा स्तंभालेख

लढाईमुळे कागदाची चणचण होती, म्हणून माझा पहिला स्तंभालेख मी कडब्याचा केला. प्रवरेकाठच्या एका गावात मुलींच्या वर्गावर मी नवी मास्तरीण होते. शाळा तपासायला दिपोटीसाहेब येणार होते. मुली कमी म्हणून वर्ग बंद करायचं त्यांच्या मनात आहे, असं हेडमास्तरांनी घाम पुसत सांगितलं. "बाई, कोणत्या आळीतून किती मुली येतात, त्याचा तक्ता टांगा."

पाटीवर आकडे मांडले, पण त्या रुक्ष आकड्यांनी साहेब विरघळतील असं वाटेना. नगरच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकलेली आलेखांची विद्या मलाही स्वस्थ बसू देईना. एका मुलीला चार बोटं, या मापानं मी ज्वारीची धाटं कापली आणि पडवीच्या भिंतीला उभी बांधली. पेठेचं धाट सर्वांत उंच, ख्रिस्ती वस्तीचं त्याच्या खांद्याला, मळ्याचं बेताचं. नदीकडच्या आळीचं मात्र चारच बोटं.

त्या आळीतले एक शेतकरी भिंतीपुढे थबकले.

"बाई, आमच्या आळीचं धाट येवढं खुजं? अवो, आमच्या वावरात मानूस दिसत न्हाई, येवढी जवारी हाय!"

"काका, हे पोरींचं माप आहे."

"मंग जवारी कशापायी टांगली?"

दुसऱ्या दिवशी ते डोक्याच्याही वर जाणारं धाट घेऊन हजर. पोरगी मात्र आणली नाही!

तपासणीच्या दिवशी साहेबांचा टांगा थेट पडवीला लागला. टांगेवाल्यानं घोडा मोकळा सोडला. हेडमास्तरांनी साहेबांना हार घालेपर्यंत घोड्यानं पेठ संपवली होती आणि ख्रिस्ती वस्तीला तोंड लावलं होतं. मला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

"बाई, तक्ता कुठाय?" साहेबांनी विचारलं.

मला असा राग आला, की मी वर्गातल्या सगळ्या पोरींना पटांगणात काढलं आणि आळीवार रांगा करायला लावल्या. पेठेची रांग पार चिंचेपर्यंत गेली. नदीकडच्या आळीची एकटीच पोर, हाताची घडी घालून उभी.

साहेब तिच्यापाशी थांबले. "तुझ्यामागे कुणीच नाही?"

"हायत की! लई जनी हायत. पन त्या घरी पोरं संबाळत्यात."

साहेब तिच्यामागच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. मग हेडमास्तरांना म्हणाले, "वर्ग बंद करायचा नाही."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. तेवढ्यात ती पोर म्हणाली, "मंग त्यास्नी बोलवून आनू?" आणि कुणी हो म्हणायच्या आत पळालीसुद्धा. साहेबांचा चहा होईस्तोवर तिची रांग मळ्याच्या बरोबरीला आली. प्रत्येकीच्या कडेवर एकेक भाऊ होता.