बाबा आणि रोमचा शेवट

बाबा कराडच्या एका शाळेत इतिहास शिकवायचे. रोमन प्रजासत्ताकाचा शेवट पाठ्यपुस्तकात एकाच परिच्छेदात उरकलेला असे, पण बाबा त्यावर तीन तास घेत. निवृत्तीनंतर एका उन्हाळ्यात ते आमच्याकडे फ्रँकफर्टला आले, तेव्हा माझ्या तेरा वर्षांच्या लेकीला शाळेत नेमका तोच विषय मिळाला होता. वर्गासमोर उभं राहून बोलायचं होतं. इथे त्याला रेफेराट म्हणतात.

लेकीला मराठी समजतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. त्यामुळे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघांच्या मध्ये मी दुभाषी. तिचा पहिलाच प्रश्न होता, प्रजासत्ताक संपलं ते कोणत्या साली?

"साल नको विचारू, बाळ," बाबा म्हणाले. "संपलेलं लोकांना कळलंच नाही. निवडणुका होत होत्या, सिनेट भरत होतं, पदांची नावंही तीच. फक्त निर्णय दुसरीकडे व्हायला लागले होते."

शनिवारी आम्ही तिघं एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, माइंझला गेलो. तिथल्या संग्रहालयात रोमन शिपायांच्या थडग्यांचे दगड आहेत. इतकी वर्षं रोम शिकवलं, पण रोमन दगड बाबा पहिल्यांदाच बघत होते. लेक लॅटिन अक्षरं लावून जर्मनमध्ये अर्थ सांगायची, मी तो मराठीत. नाव, गाव, वय, नोकरीची वर्षं. बाबा चष्मा काढत, पुसत, पुन्हा लावत.

"हा बराच नंतरचा," ते म्हणाले. "बिघडलं ते याच्या कितीतरी आधी. नोकरी संपल्यावर शिपायाला जमीन कोण देणार? सिनेटने हात वर केले, सेनापतीने शब्द दिला. मग शिपाई सेनापतीचा झाला. त्याला तरी काय दोष द्यायचा?"

परतताना गाडीत लेक त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली.

रेफेराट सप्टेंबरात होतं आणि बाबांचा व्हिसा ऑगस्टपर्यंतचाच. रेफेराटच्या दिवशी संध्याकाळी कराडहून बाबांचा फोन आला. "कसं झालं? मुलं काय म्हणाली?"

ऑफिसच्या गडबडीत मी लेकीला विचारायचंच विसरले होते. "छान झालं, बाबा."

"छान म्हणजे कसं? कोणी प्रश्न विचारला का?"

लेकीने माझ्या हातातून फोन घेतला. "आजोबा," म्हणाली आणि थांबली. मग मोडक्या मराठीत सुरू झाली. "एक मुलगीने विचारलं, लोकांना का नाही कळलं? मी बोलली, नाव सेम होता ना, म्हणून." शब्द अडला की जर्मन घालायची; पलीकडे बाबांना किती कळलं, देव जाणे. पाऊण तास चाललं होतं. मी दारात उभी राहून ऐकत होते. लहानपणी मीही त्यांच्या वर्गात बसले आहे, खिडकीबाहेर बघत. मी त्यांना कधीच काही विचारलं नव्हतं.

फेब्रुवारीत बाबा गेले. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

लेक आता हायडेलबर्गला रसायनशास्त्र शिकते. आणि मला आता प्रश्न पडतात. सिनेटमध्ये एखाद्याला तरी कळत असेल का? कळूनही तो रोज सकाळी तिथे जाऊन आपल्या जागेवर बसत असेल का? ट्रामने घरी येताना हे असलं काहीतरी मनात येतं, आणि बाबा फार आठवतात.