आधी कीटण, मग लाईट

हिरडीखाली दगडासारखं कीटण जमतं ना, तसे आमच्या क्लिनिकमधले किस्से माझ्याकडे जमले आहेत. रोज थोडं थोडं. दुखत नाही, खुपत नाही, आणि एक दिवस तोंड उघडलं की थरच्या थर! मैत्रिणी म्हणतात, लिहून काढ. म्हटलं काढते. निदान माझं डोकं तरी साफ होईल.

क्लिनिक नागपुरात सक्करदऱ्याला, तलावापासून चालत पाच मिनिटांवर. मी हिरड्यांच्या आजारांत एमडीएस करून दोन वर्षांपूर्वी इथे लागले. मालक आमचे सर. वय सत्तरीला टेकलेलं, प्रॅक्टिस चाळीस वर्षांची. सरांच्या दोन गोष्टी पहिल्याच दिवशी कळतात. एक, ते नाकावरचा मास्क कधीच काढत नाहीत, चहासुद्धा आत जाऊन, दार लावून पितात. दोन, ते कोणाचंही ऐकत नाहीत. ऐकलंच तर कुसुमताईंचं. त्या बावीस वर्षांपासूनच्या असिस्टंट.

मागच्या वर्षी सर कुठल्याशा कॉन्फरन्सला गेले आणि येताना एक लाईटचं यंत्र घेऊन आले. काम साधं आहे. दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत निळं औषध सोडायचं, मिनिटभर थांबायचं, मग बारीक टोकातून तिथे लाल लाईट टाकायचा. लाईटने ते औषध जागं होतं आणि आजूबाजूचे जंतू मरतात. माझं त्या लाईटशी काही भांडण नाही. पण तो जोडीचा इलाज आहे! आधी कीटण खरवडून काढायचं, मग लाईट. तेव्हा त्याची थोडीफार मदत होते. खरकटं तसंच ठेवून भांड्यावर उजेड पाडल्याने भांडं स्वच्छ होत नाही, एवढं तर कोणालाही कळावं.

सरांना नाही कळलं. आठवड्याभरात बाहेर बोर्ड लागला: ‘हिरड्यांचा इलाज आता प्रकाशाने! ना सुई, ना चिरा, ना खरवडणे!’

मी म्हटलं, "सर, ते शेवटचं साफ खोटं आहे. काढा."

"बेटा, पेंट सुकला आता."

बोर्ड वाचून पहिली आली ती एक आजी. खुर्चीत बसली आणि साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली.

कुसुमताई म्हणाल्या, "आजी, हा लाईट तोंडातला आहे वं. गुडघ्यात नाही मारत."

आजीने जरा विचार केला. "मंग तोंडातून मार. थोडा खाली उतरंल नं!"

*

मनोहरकाका आले गणपतीनंतर. राहणार कन्हानचे, लग्नाच्या बँडमध्ये तीस वर्षं ट्रम्पेट वाजवतात. वरचे समोरचे चार दात हलत होते. ट्रम्पेट ओठांवर दाबलं की दात मागे सरकायचे आणि वरचा सूर फाटायचा.

"बँडच्या मालकानं सांगून टाकलं," काका म्हणाले. "तुळशीच्या लग्नापर्यंत सूर नाही लागला तर ट्रम्पेट ठेव, खुळखुळा घे. खुळखुळा, डाक्टरीनबाई! तो तर माह्या नातवाच्या हातात असते!"

मी तपासलं. हिरडीखाली कीटणाचा नुसता डोंगर. म्हटलं, दात वाचतीलच असं लिहून देत नाही, पण आशा आहे. तीन गोष्टी करायच्या. कीटण काढायचं, खर्रा सोडायचा, आणि शेवटी लाईट.

"सफाई नको. माह्या मोठ्या भावानं सफाई केली आन दुसऱ्या दिवशी दात हातात! मले फक्त तो लाईट मारून द्या."

"काका, त्यांचं हाड आतून कधीच झिजलं होतं. दात नुसता कीटणाच्या सिमेंटवर उभा होता."

"मंग राहू द्या नं सिमेंट!"

हा युक्तिवाद मी दोन वर्षांत इतक्यांदा ऐकलाय, की आता वाद घालताना माझेच दात दुखतात. मी सरळ नाही म्हटलं. काका ट्रम्पेटची पेटी उचलून निघून गेले.

*

खर्रा म्हणजे काय हे नागपूरबाहेरच्यांना सांगावं लागतं. भाजकी सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून प्लास्टिकच्या पुडीत बांधून देतात. आमच्याकडे हा आहाराचा भाग आहे.

एक रिटायर्ड हेडमास्तर यायचे. माझ्या सांगण्यावरून त्यांनी खर्रा सोडला. मला काय आनंद झाला! महिन्याने परत आले ते छडी शोधत असल्यासारखे.

"तीस वर्षं खर्रा खाल्ला, हिरडीतून रक्ताचा थेंब नाही. तुझं ऐकून सोडला, आता ब्रश केला की लाल!"

मी वही काढली, चित्र काढलं. म्हटलं, मास्तर, तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून रक्त दिसत नव्हतं. आजार होताच, झाकलेला होता. आता तो दिसतोय, म्हणजे इलाज करता येईल. वीस मिनिटं समजावलं. हेडमास्तर मन लावून ऐकत होते, मध्ये मध्ये मानही डोलवत होते.

शेवटी म्हणाले, "समजलं. म्हणजे खर्रा रक्त थांबवतो."

आणि समोरच्या पानठेल्यावर गेले!

*

खर्ऱ्यावर खरं भाषण द्यावं ते आमच्या सरांनी. मास्कमागून आवाज असा घुमतो, की वेटिंगमधले लोक खिशातली पुडी आणखी खोल ढकलतात.

"चाळीस वर्षं दात पाहतोय! या तोंडात सुपारीचा कण गेलेला नाही!"

भाषण झालं की सर स्टॉक तपासायला आत जातात. सरांना स्टॉकची फार काळजी. दिवसातून सात-आठ वेळा तपासतात.

एकदा ऐन ट्रीटमेंटमध्ये माझ्याकडचा कापूस संपला. सरांच्या ड्रॉवरमध्ये एक स्टीलची डबी होती, त्यावर त्यांच्याच अक्षरात ‘कॉटन’ लिहिलेलं. मी हात घातला मात्र, सर सत्तरीच्या गुडघ्यांनी पळत आले!

"हात लावू नकोस! ते स्टराइल आहे!"

"सर, मला स्टराइलच तर पाहिजे!"

"ते... माझ्या पेशंटचं स्टराइल आहे."

मी कपाळावर हात मारला. ही पिढी कापूससुद्धा जपून ठेवते. सोन्यासारखा!

*

निळ्या औषधाचा एक गुण आहे. ओठांना लागलं तर काही तास जात नाही. हे मी एका काकूंना घसा ताणून सांगितलं, कारण त्यांना त्याच दुपारी मुलासाठी मुलगी बघायला जायचं होतं. म्हटलं, काकू, उद्या या.

सर मध्ये पडले. "अहो, दोन मिनिटांत जातं. चूळ भरली की साफ."

काकूंना अर्थातच पांढऱ्या केसांचं पटलं. आणि ट्रीटमेंटच्या मध्येच त्यांना शिंक आली! वरचा ओठ, खालचा ओठ, जीभ, सगळं शाईची दौत प्यायल्यासारखं.

काकू तोंडाला पदर लावून मुलगी बघायला गेल्या. दोन तास बसल्या. एक प्रश्न विचारला नाही, स्वयंपाक येतो का म्हटलं नाही, रंगावर बोलल्या नाहीत, पोह्यांना नावं ठेवली नाहीत. नुसती मान हलवत होत्या.

मुलीकडच्यांनी तिथेच होकार कळवला. म्हणे, अशी सासू नशिबानेच मिळते!

*

खापरखेड्याहून एक रिटायर्ड फोरमन आले. सगळी नोकरी वीज तयार करण्यात गेलेली. लाईटचं टोक हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिलं.

"किती वॅटचा हाये?"

मी म्हटलं, "मिलिवॅटमध्ये असतो."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांना चमच्याने विहीर उपसायला सांगत होते. "पोरी, आम्ही मेगावॅटमधी काम केलेले लोकं. थोडा वाढवून दे नं!"

*

आता जे सांगते, त्याचं मला अजून हसू येत नाही.

मी आठ दिवस सुट्टीवर होते. परत आले तर मनोहरकाकांच्या केसपेपरवर तीन नोंदी. लाईट, लाईट, लाईट. मी नाही म्हटल्यावर काका मागच्या दाराने सरांकडे गेले होते, आणि सरांनी कीटणाला धक्काही न लावता वरून उजेड पाडून दिला होता.

काकांना बोलावलं. हिरडी दाबली तर पू. चार हलणारे दात आता पाच झाले होते. ट्रम्पेटची पेटी सोबत होतीच, पण काकांनी ती खुर्चीखाली सरकवून ठेवली होती. म्हणाले, "तुळशीचं लग्न लांब हाये, तरी परवा खुळखुळा देला हातात. म्या घेतला नाही. खाली ठेवला."

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. दार वाजवलं नाही.

"सर, तुम्ही दगडावर लाईट टाकलात!"

"पेशंट खूश होता. तीन चकरा झाल्या, एक तक्रार नाही."

"तक्रार करायला तोंडात दात लागतात!"

"बेटा, तू अजून लहान आहेस. पेशंटला सारखं नाही म्हटलं तर तो दुसरीकडे जातो."

"जाऊ द्या नं! दात घेऊन तरी जाईल!"

सर उठले आणि स्टॉक तपासायला गेले.

*

आणि आता त्याच्या पुढच्या शनिवारचं.

दिवाळी तोंडावर, वेटिंग भरलेलं. मी मनोहरकाकांना शेवटचं सांगून टाकलं: आज कीटण काढू द्या, नाहीतर मी तुमच्या तोंडाला हात लावणार नाही. आता थांबलात तर खुळखुळासुद्धा बिनदातांनी वाजवाल.

काका खुर्चीजवळ आले, खुर्चीकडे पाहिलं आणि मागे वळले. "आधी सरांची सफाई करा. माह्यासमोर. त्यांचे दात जाग्यावर राह्यले तर मी बसतो. इतक्या वर्सांत कोनी पाह्यले का त्यांचे दात?"

कुसुमताई म्हणाल्या, "म्या तर नाही पाह्यले बाप्पा. बावीस वर्सं झाले."

वेटिंगमधून हशा आला.

"माझ्या हिरड्या ठणठणीत आहेत," सर म्हणाले.

काकांनी पेटी उचलली आणि दाराकडे चालू लागले. सर त्या पेटीकडे बघत राहिले. काका उंबरठ्यावर पोचले तेव्हा सर म्हणाले, "थांब रे."

आणि आयुष्यात पहिल्यांदा ते त्या खुर्चीत पेशंट म्हणून बसले. मास्क हळूहळू खाली घेतला आणि मला जवळ बोलावून कुजबुजले, "बेटा, फक्त लाईट मार."

"आधी कीटण, मग लाईट!" हे मी अख्ख्या वेटिंगला ऐकू जाईल असं म्हटलं.

सरांनी तोंड उघडलं. असं तोंड मी फक्त पुस्तकात पाहिलं होतं, आणि तेही शेवटच्या प्रकरणात. मी कीटण काढायचं मशीन सुरू केलं. खालच्या दातांमागून काळ्या कीटणाचे तुकडे निघून ट्रेमध्ये पडायला लागले. टण. टण. सरांनी मनोहरकाकांचं मनगट घट्ट धरलं होतं.

"हात सोडा गा डाक्टर! त्याच हातानं बटनं दाबतो मी!"

अर्धं झाल्यावर सरांनी चूळ भरली, जीभ खालच्या दातांवर फिरवली आणि ताडकन उठून बसले.

"अगं, इथे फट पडली! दात ढिला केलास तू माझा!"

कुसुमताई खिडकीबाहेर बघायला लागल्या. चाळीस वर्षं या माणसाने हेच वाक्य दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं.

काका ट्रेवर वाकले, चिमट्याने एक तुकडा उचलून सरांच्या डोळ्यांसमोर धरला. "हा दात नाही गा डाक्टर. हे सिमेंट हाये. दात जाग्यावरच हाये तुमचा."

तुकडा परत ठेवताना ते थबकले. ट्रेच्या कोपऱ्यात काहीतरी होतं. त्यांनी ते चिमट्याने इकडून तिकडून फिरवून पाहिलं. या विषयात त्यांचा अनुभव माझ्या डिग्रीपेक्षा मोठा आहे.

"भाजकी सुपारी," काका म्हणाले. "ताजी हाये. कोनत्या ठेल्याची, डाक्टर?"

सरांनी डोळे मिटले.

काकांनी शर्टाच्या खिशातून आपली खर्ऱ्याची पुडी काढली, पायाने कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं आणि आत टाकली. मग ट्रम्पेटची पेटी माझ्या टेबलावर ठेवली.

"डाक्टरीनबाई, सरांचं झालं की मले घ्या. तुम्ही म्हनता तसं."

सरांनी त्या डब्याकडे पाहिलं. मास्क वर घेतला, परत खाली केला.

"कुसुम," ते म्हणाले, "माझ्या ड्रॉवरमधली ती कॉटनची डबी आण."