छत्रीनं दार मोजणारे वकील

अपघाताचे दावे लढणारा आणि स्वतः रस्त्याला एवढा भिणारा माणूस आमच्या संभाजीनगरात दुसरा सापडायचा नाय. खुलताबादचे आमचे वकीलसाहेब क्रांती चौक आला की स्कूटर बंद करायचे, खाली उतरायचे आणि बैलाला कासऱ्यानं न्यावं तशी ती हाताला धरून चौक पायी ओलांडायचे. मागचे हॉर्न वाजवायचे, पोरं हसायची. साहेब म्हणायचे, "हसू द्या. मला काय झालं तर माझा दावा लढायला मी कुठून आणू?" ऊन असो की पाऊस, काखेत काळी छत्री. ती डोक्यावर उघडलेली मी कधी पाहिली नाय. ती होती मोजायला. दांडीवर त्यांनी चाकूनं फुटाच्या खुणा पाडल्या होत्या, आणि कोर्टाचा जिना असो की चहाच्या टपरीचं बाकडं, मोजल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाय.

माझी त्यांची ओळख माझा हात मोडला तेव्हाची. कन्नडच्या बाजारात टेम्पोनं धक्का दिला होता. साहेबांनी पंचनामा, एक्सरे, दवाखान्याची बिलं बघितली आणि चहा संपायच्या आत सगळं विचारून घेतलं. किती दिवस पडून होता, किती दिवसांचा रोज बुडाला, हात अजून दुखतो का. मी ताठ मानेनं सांगितलं, दुखत नाय. त्यांनी कपाळाला हात लावला. तरी तडजोड झाली, हाड जुळलं, आणि मी ते विसरूनबी गेलो.

मग घाटाखाली माझ्या पोराच्या, दत्ताच्या जीपला मागून ट्रक धडकला. त्याचा पाठीचा कणा मोडला. कमरेखाली कायच उरलं नाय. मला वाटलं, दावा म्हणजे दावा, हाताचा तसा पाठीचा. बिलांची पिशवी भरून नेली. साहेबांनी ती उघडलीबी नाय. म्हणाले, उद्या घरी येतो.

सकाळी आले ते दिवेलागणीपर्यंत हलले नायत. दत्ताची कूस दर दोन तासांनी कोण बदलतं, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करता, लघवीची पिशवी कोण रिकामी करतं, सगळं वहीत. दत्ताच्या आईला विचारलं, तुम्ही माहेरी शेवटचं कधी गेला होतात? तिला आठवेना, तेबी लिहिलं. मग उठून छत्रीनं संडासाचं दार मोजलं. चाकाची खुर्ची आत जात नव्हती. शेवटी दत्ताला विचारलं, लग्नाचं काय ठरलं होतं का. पोरानं भिंतीकडं तोंड केलं. साहेबांचं पेन थांबलं. कोटाच्या खिशातून त्यांनी भुईमुगाच्या शेंगा काढल्या, फोडून एकेक दाणा त्याच्या हातावर ठेवत राहिले आणि खुलताबादच्या कबुतरांच्या गोष्टी सांगत बसले. ते उत्तर मात्र त्यांनी जाताना, दाराबाहेर उभं राहून लिहिलं.

पुढं विमा कंपनीनं तडजोडीचा आकडा सांगितला. मला तो लई मोठा वाटला. घेऊन टाका म्हणालो. साहेब पहिल्यांदाच माझ्यावर चिडले.

"चाचा, तुमच्या हाताचा दावा मागं बघायचा होता. काय खर्च झाला, काय बुडालं, संपलं. याचा पुढं बघायचा आहे. हे पोर अजून चाळीस वर्षं जगणार आहे, इन्शाल्ला. त्याला रोज सकाळी कोण उठवणार, ते मला मागायचं आहे."

त्यांनी दाव्यात दत्ताची उचल-ठेव करायला जन्मभरासाठी एक पगारी माणूस मागितला, आणि मला तेच लागलं. माझ्या पोराला परक्यानं उचलायचं? साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांशी चाकाची खुर्ची अडली. कंपनीचे वकील वर उभे राहून बघत होते. मी दत्ताला दोन्ही हातांवर घेतलं आणि मिशीला पीळ भरल्यासारखा वर चढलो. आत कंपनीच्या वकिलांनी मला गोड आवाजात विचारलं, "मुलाला तुम्हीच उचलता ना? मग माणूस कशाला पाहिजे?"

मी म्हणालो, "व्हय, मीच उचलतो. कुणाची गरज नाय."

बोललो आणि साहेबांकडं बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. एवढ्या मेहनतीनं भरलेली वही मी एका वाक्यात बुडवली होती. ते सावकाश उठले. माझं वय विचारलं. अडुसष्ट. दत्ताचं? तीस.

"चाचा, दत्ता अडुसष्टचा होईल तेव्हा त्याची कूस कोण बदलील?"

मी दत्ताकडं बघितलं. तो खाली फरशीकडं बघत होता. मला 'जमत नाय' हे शब्द माझ्या बापापुढंबी कधी म्हणता आले नव्हते.

"मी नसंन साहेब," मी म्हणालो. "आन् आत्ताबी जमत नाय. मघाशी चौथ्या पायरीवर तो हातातून सुटत होता."

जजसाहेबांनी ते शब्दाला शब्द लिहून घ्यायला लावलं. निकालात दत्ताला माणूस मिळाला, दार रुंद करायची तजवीजबी झाली.

साहेबांनी आता वकिली सोडलीय. तरी अधूनमधून बसनं येतात, शेंगा आणतात. आल्या आल्या नव्या दाराला छत्री आडवी लावून बघतात, जणू भिंती रात्रीतून सरकल्या असतील. मग दत्ताला विचारतात, "आज कुणी उचललं?" दत्ता हसून म्हणतो, "आबानं नाय." साहेब मान डोलावतात, आणि मी उगाच खाकरतो.

परवा निघाले तेव्हा आमच्या उंबऱ्यापुढची एकच पायरी उतरताना ते छत्रीवर भार देऊन थांबले. मी हात पुढं केला.

"जमतंय चाचा," ते म्हणाले.

"आज जमतंय," मी म्हणालो.

त्यांनी माझा हात धरला. बस येईपर्यंत सोडला नाय.