शेकड्यावरच्या चार जुड्या

गणिताच्या पुस्तकातल्या माणसांवर माझा पहिल्यापासून राग आहे. या लोकांना दुसरा उद्योग नसतो. एक जण चौऱ्याऐंशी पेढे आणतो आणि सात मुलांना समान वाटतो. कोणी रडत नाही, कोणी दोन जास्त लाटत नाही. दुसरा दीडशे झाडं दहा ओळींत लावतो आणि त्यातलं एकही जळत नाही. दोन हजार सालानंतरची काही वर्षं मी ही माणसं चौथीच्या वर्गाच्या गळी उतरवत होते. शाळा पंचवटीच्या पलीकडे, जिथे शहर संपून भाजीचे मळे लागायचे. निम्मा वर्ग घरी जुड्या बांधणारा. पोरांच्या हातांना कोथिंबिरीचा वास, म्हणून वह्यांनाही. तपासता तपासता मला भूक लागायची.

मी तेव्हा शिक्षणसेवक होते. म्हणजे काम शिक्षिकेचं, आणि तीन वर्षं निभावली तरच नोकरी पक्की. माझं तिसरं वर्ष चालू होतं. तपासणीला साहेब येणार, वर्गाला उदाहरणं घालणार आणि माझ्या नावापुढे शेरा लिहिणार. शेरा बरा आला तर नोकरी, नाहीतर घरी. घरी बसलेल्या मुलीचं आमच्याकडे काय करतात ते मला पक्कं ठाऊक होतं. दोन स्थळं तर सांगून आलीच होती, त्यातला एक जण फोटोतसुद्धा घोरत असावा असा दिसत होता.

तर उदाहरण असं होतं: एका शेतकऱ्याकडे कोथिंबिरीच्या ३१२ जुड्या आहेत. शंभर जुड्यांचा एक शेकडा, तर किती शेकडे होतील व किती जुड्या उरतील? मी खुशीत होते. पोरांच्या घरचाच विषय. सगळ्या वह्या गोळा केल्या आणि पाहते तो काय, जवळजवळ प्रत्येकाचं उत्तर एकच: तीन शेकडे, बाकी शून्य.

एकमेकांचं बघून लिहिलं असणार, म्हणून मी सगळ्यांना उभं केलं. पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं. तिच्या घरचा कोथिंबिरीचा मळा होता आणि वर्गात तिचा शब्द माझ्यापेक्षा जास्त चालायचा.

"बाई, शेकड्याला चार जुड्या वर द्याव्या लागत्यात," ती म्हणाली. "तीन शेकड्याच्या बारा. मग काय उरतं?"

"कशासाठी वर?"

"एखादी सडकी निघती, एखादी बारीक ऱ्हाती. म्हणून."

"पुस्तकात वर दिलेल्या नाहीत."

"मग त्या पुस्तकवाल्याचा माल कोण घेईन?"

वर्ग हसला आणि माझं डोकं सणकलं. मी शहरात वाढलेली. आमच्या घरी कोथिंबीर पिशवीतून उगवायची. पण खरं सांगायचं तर राग त्याचा नव्हताच. साहेबांपुढे ही पोरं असं काही बोलली तर माझं काय, ही भीती होती. मी सगळ्यांच्या वह्यांवर लाल फुल्या मारल्या. पुढचे पंधरा दिवस रोज शेकड्याचं एक उदाहरण फळ्यावर घातलं आणि ओरडून ओरडून घसा बसवला. "शेकडा म्हणजे शंभर! वर काही नाही! साहेबांपुढे शून्य म्हणालात तर माझी नोकरी जाईल!" कोणी शून्य म्हटलं की बाकावर उभं. एके दिवशी अर्धा वर्ग बाकांवर होता आणि मी खाली उभी राहून त्यांच्याकडे मान वर करून ओरडत होते.

मग एका सोमवारी अचानक सगळ्यांची उत्तरं बरोबर आली. सगळ्यांची, एकदम. मला वाटलं, आपण शिकवलं. आठवडाभर मी स्टाफरूममध्ये नाक वर करून हिंडले.

साहेब आले तेव्हा जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. भरल्या पोटी साहेब, म्हणजे अर्धं काम झालं. त्यांनी वह्या चाळल्या, पाढे म्हणवून घेतले आणि मग नेमकं माझ्या फळ्यावरचं बघूनच पहिल्या बाकाला विचारलं, "पाचशे वीस जुड्या. शेकडे किती आणि बाकी किती?"

"पाच शेकडे, बाकी वीस," मुलगी खणखणीत म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला.

साहेब खूश झाले. उगाच गंमत म्हणून त्यांनी आणखी विचारलं, "मग या वीस जुड्यांचं काय करशील गं?"

"त्या व्यापाऱ्याला वर देयाच्या."

"म्हणजे उरलं किती?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मोठे केले. तिने साहेबांकडे तोंड केलं आणि हळू आवाजात, पण साऱ्या वर्गाला ऐकू जाईल असं सांगितलं, "काहीच नाय. पण बाईंची नोकरी पक्की होईस्तोवर वीसच सांगायचं, असं आमचं ठरलंय."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. ज्यांना मी पंधरा दिवस बाकावर उभं केलं, त्यांनी आपसात बसून माझी नोकरी वाचवायचं ठरवलं होतं, आणि मी शिकवण्याच्या तोऱ्यात होते. मला फार लाज वाटली. साहेब मात्र रुमालात तोंड घालून हसत होते. शेरा लिहिताना त्यांनी वही माझ्या नजरेआड धरली.

वार्षिक परीक्षेच्या आधी आठ दिवस ऑर्डर आली. मी वर्गात जाऊन सांगितलं. टाळ्या झाल्या, आणि टाळ्या थांबल्यावर पहिल्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, पक्की म्हंजी पक्की ना?"

"पक्की," मी म्हटलं आणि फळ्यावर लिहिलं: ३१२ जुड्या, शेकडे किती, बाकी किती?

"तीन! बाकी शून्य!" सगळा वर्ग ओरडला.

मी सगळ्यांच्या जुन्या वह्या मागवल्या आणि एकेक लाल फुली खोडत बसले.